तांब्याच्या तारांची गिटार

रहिमतपुरात मोटार जळाली की लोक मानसिंग निकमांकडे धाव घेतात, पण त्यांना कुणी मोटारवाले निकम म्हणत नाही. गिटारवाले निकम म्हणतात. बसस्थानकामागे त्यांचं रिवाइंडिंगचं दुकान आहे. विहिरीवरच्या, बोअरच्या, पिठाच्या गिरणीच्या मोटारी तिथं जळून येतात आणि चार दिवसांनी अंगात नवं तांबं घालून परत जातात. हे काम मानसिंग गेली पस्तीस वर्षं चोख करत आले आहेत, आणि त्याबद्दल त्यांना आजवर कुणी साधा गुलाब दिलेला नाही. गिटार मात्र त्यांनी जन्मात कधी वाजवलेली नाही, आणि तिच्या जोरावर ते शाळेच्या गॅदरिंगला परीक्षक असतात, गणेश मंडळाच्या गायन स्पर्धेला परीक्षक असतात, आणि कुणाच्या नातवाला शिट्टी बरी वाजवता आली तर मार्गदर्शनासाठी त्याला त्यांच्यापुढं उभं केलं जातं. मानसिंग डोळे मिटून ऐकतात, मान हलवतात आणि म्हणतात, "रियाज वाढीव." हा सल्ला आजवर चुकीचा ठरलेला नाही.

गिटार न वाजवता गिटारवाला होण्याची सोय त्यांना मलकापूरच्या बाळासोंनी करून दिली. बाळासोंनी त्र्याऐंशी साली ऑर्केस्ट्रा काढला. पोस्टरं छापून झाली, त्यावर 'प्रमुख आकर्षण : इलेक्ट्रिक गिटार' असं लाल अक्षरांत आलं, आणि पहिल्या कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी कोल्हापूरच्या गिटारवाल्याला बँकेत नोकरी लागली. तो कलेची सेवा तिथंच थांबवून निघून गेला. गिटार बाळासोंची होती, तारा त्याच्या स्वतःच्या होत्या. माणूस तत्त्वाचा असल्यामुळं तारा सोडवून घेऊन गेला.

तेव्हा मानसिंग चोवीस वर्षांचे होते आणि ऑर्केस्ट्रात वायरमन होते. उंची पावणेसहा फूट, केस खांद्यापर्यंत, आणि शहरात फॅशन संपल्यावर सवलतीत मिळालेली बेलबॉटम. बाळासोंनी त्यांच्याकडं खालपासून वरपर्यंत पाहिलं.

"मानसिंग, गिटार गळ्यात घाल."

"मला येत न्हाई की."

"तुला कशाला याय पायजे? पोस्टरवर आल्ये न्हवं, मग स्टेजवर दिसाय पायजे. वाजवंल बिरदेव."

बिरदेव जत तालुक्यातला. तो बेंजो वाजवायचा. आपल्याकडं वरातीत वाजतो तो, टाइपरायटरसारखी बटणं दाबून तारा छेडायचा बेंजो. हाताला त्याच्या अशी सफाई होती की हिंदी सिनेमातला गिटारचा कुठलाही तुकडा तो एकदा ऐकून जसाच्या तसा काढायचा. दोष एवढाच की तो बुटका होता, डोक्याला पटका बांधायचा आणि वाद्य मांडीवर घेऊन बसायचा. ऑर्केस्ट्राच्या आधुनिकतेला हे परवडणारं नव्हतं. बाळासोंनी त्याला मोठ्या स्पीकरच्या खोक्यामागं पोतं टाकून बसवलं. "पब्लिकचा कान डोळ्याला इचारून ऐकतो," असं बाळासोंचं मत होतं, आणि आठ वर्षांत एकाही पब्लिकनं ते खोटं पाडलं नाही.

तारांचा प्रश्न मानसिंगांनी स्वतः सोडवला. मोटारीची अठरा गेजची तांब्याची तार पिशवीत होतीच, तीच सहा खुंट्यांना गुंडाळली. दिव्यांच्या उजेडात ती अशी झळाळायची की पुढच्या रांगेतली माणसं डोळ्यांवर हात धरत. गिटारची केबल मागं नेऊन टेबलाच्या पायाला बांधलेली असे. बाकी काम गुडघे वाकवण्याचं आणि मान झटकण्याचं होतं, ते मानसिंगांना उपजत येत होतं.

याच गिटारनं त्यांचं लग्न जमवलं. पंच्याऐंशी साली पाटणच्या जत्रेत सुभेदारांच्या मनुबाईनं त्यांना पाहिलं. सुभेदारांनी तिच्यासाठी एक हवालदार ठरवला होता. बारा एकर ऊस आणि निर्व्यसनी. मनुबाई म्हणाली, गिटारवाला, नाहीतर कुणीच नाही. आणि वडिलांशी तीन महिने बोलली नाही. लष्करात बत्तीस वर्षं काढलेला माणूस अबोल्यापुढं तीन महिन्यांत शरण आला.

लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात ती म्हणाली, "आता माझ्यापुरतं वाजवा की."

इलेक्ट्रिक गिटार लाइट असल्याशिवाय वाजत नाही, असं मानसिंगांनी सांगितलं, आणि पुढची बरीच वर्षं भारनियमनानं त्यांचा संसार सांभाळला. ज्या गावात लोक लाइट गेली की शिव्या देत, तिथं हा एकटा माणूस लाइट गेली की सुटकेचा श्वास टाकायचा. पुढं वीजपुरवठा सुधारला आणि देशाच्या प्रगतीचा पहिला फटका त्यांना बसला. मग वाइंडिंगच्या मशीनमध्ये डाव्या हाताचं बोट आलं. लागलं होतं नखाला, पट्टी सहा महिने होती. त्यानंतर बोटात 'ती लवचिकता' राहिली नाही. ऑर्केस्ट्रा मोडल्यावर बाळासोंनी त्यांच्याकडंच सोडलेली ती गिटार मनुबाईनं जुन्या लुगड्यात गुंडाळून माळ्यावर ठेवली आणि दर दसऱ्याला खाली काढून तिला झेंडूचं फूल वाहिलं. एवढ्या श्रद्धेपुढं खरं बोलणं मानसिंगांना शोभलं नसतं. मुख्य म्हणजे परवडलं नसतं.

हे असंच निभावून गेलं असतं, पण सांगलीत राजवर्धन साहेबांना वारशाची जाणीव झाली. साहेबांच्या वडिलांची इंजिनिअरिंग कॉलेजं आहेत. साहेब दोन वर्षं परदेशात व्यवस्थापन शिकून आले आणि एका कॉलेजचा रिकामा पडलेला मजला पाहून त्यांना तिथं वस्तुसंग्रहालय दिसलं. पहिलं प्रदर्शन गिटारच्या इतिहासाचं ठरलं. पेपरात निवेदन आलं : जुनी तंतुवाद्ये असल्यास कळवावे. मनुबाईनं चष्मा लावून ते वाचलं आणि कळवलं. मानसिंग दुपारी एका विहिरीवरून परत आले तेव्हा संग्रहालयाची गाडी येऊन गेली होती, आणि माळ्यावर गिटारच्या आकाराची एक स्वच्छ जागा होती.

महिन्याभरानं जाड कागदावरचं निमंत्रण आलं. प्रदर्शनाचं उद्घाटन, सोबत ज्येष्ठ गिटारवादक श्री. मानसिंग निकम यांचा सत्कार. तब्येतीचं कारण सांगायचा त्यांनी प्रयत्न केला. मनुबाईनं त्यांचं कपाळ हातानं चाचपलं, थंड आहे असं जाहीर केलं आणि दोघं सकाळच्या गाडीनं सांगलीला गेली.

उद्घाटन चारला होतं. दोघं बारालाच पोचल्यामुळं प्रदर्शन निवांत पाहायला मिळालं. संग्रहालयातल्या वस्तूंची देखभाल करणारी, ज्ञानदा नावाची तिशीतली मुलगी, त्यांना फिरवायला आली. जुन्या वाद्यांच्या डागडुजीचं रीतसर शिक्षण घेतलेली ती तिथली एकमेव व्यक्ती होती, त्यामुळं चहाची व्यवस्थाही तिच्याकडंच होती.

पहिल्या दालनात एका देवळावरच्या मूर्तीचा भिंतभर फोटो होता. मूर्तीच्या हातात तारांचं काहीतरी होतं. खाली लिहिलं होतं की यातूनच पुढे गिटार जन्मली असे काही अभ्यासक मानतात. अभ्यासकांची नावं नव्हती. बहुधा त्यांचा तसा आग्रह असावा. दुसऱ्या दालनात अरबांची पोटफुगी वाद्यं, तिसऱ्यात स्पेन, चौथ्यात आतड्यांच्या तारा कशा करत त्याची चित्रं. प्रत्येक काचेच्या पेटीवर, औषधाच्या बाटलीवर असतात तेवढ्या अक्षरांत, 'प्रतिकृती' असं छापलं होतं. एक पेटी रिकामी होती आणि तिच्यावर 'वस्तू कस्टममध्ये आहे' अशी चिठ्ठी होती. ती तेवढी अस्सल होती. पाचव्या दालनात पुठ्ठ्याचा एक गिटारवाला उभा होता आणि त्याच्या तोंडाच्या जागी भोक होतं, म्हणजे पाहुण्यांना आपलं तोंड घालून फोटो काढता यावा. मानसिंगांनी त्या भोकाकडं बराच वेळ पाहिलं.

मनुबाई प्रत्येक फलक पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचत होती.

"आवं, आतड्याच्या तारा हुत्या म्हनं. शेरडाच्या."

"असतील."

"असतील काय? तुमाला म्हाईत न्हाई व्हय?"

"म्हाईत हाय की. असायच्या."

सहाव्या दालनाचं नाव 'दक्षिण महाराष्ट्राचे योगदान' असं होतं. योगदान एकच होतं आणि ते काचेच्या पेटीत होतं. बाकीच्या पाच दालनांत मिळून नसेल एवढा उजेड तिच्यावर होता. पेटीत हवेतला ओलावा मोजायचं यंत्र होतं. वर्षानुवर्षं मिरचीच्या पोत्याला टेकून काढलेल्या वाद्याच्या तब्येतीची आता मिनिटामिनिटाला चौकशी होत होती. फलकावर लिहिलं होतं :

'तांब्याच्या तारांची गिटार. सातारा-सांगली परंपरा. तांब्याच्या तारा वापरण्याची ही पद्धत जगात अन्यत्र कोठेही आढळत नाही. या तारांमुळे वाद्यास अत्यंत संयत नाद प्राप्त होतो. वादक : श्री. मानसिंग निकम, या परंपरेचे अखेरचे ज्ञात प्रतिनिधी.'

जगात अन्यत्र आढळत नाही, हे एक वाक्य शंभर टक्के खरं आहे, असं मानसिंगांना वाटलं. मनुबाईनं फलक दोनदा वाचला आणि डोळ्यांना पदर लावला.

तेवढ्यात राजवर्धन साहेब आले. अंगात खादीची बंडी, पायात परदेशी बूट. त्यांनी मानसिंगांना वाकून नमस्कार केला आणि सरळ होता होता बॉम्ब टाकला.

"काका, सत्कारानंतर दोनच मिनिटं वादन ठेवलंय. याच गिटारवर, याच तारांवर. अॅम्प्लिफायर पुण्याहून मागवलाय."

"साहेब," मानसिंग म्हणाले, "मला वाजवता येत न्हाई."

साहेबांचा चेहरा उजळला. "ज्ञानदा, ऐकलंस? आयुष्यभर साधना केलेला माणूस म्हणतोय, मला येत नाही. हे लिहून घे. हे आपण भिंतीवर लावू."

"न्हाई साहेब, खरंच येत न्हाई."

"दोनदा म्हणाले," साहेब ज्ञानदाला म्हणाले, आणि पाहुण्यांच्या खुर्च्या बघायला निघून गेले.

मनुबाई तोवर छताकडं बघत होती. "आज काय लाइट जाणार न्हाई बगा," ती म्हणाली. "खाली जनरेटर बी बगून आले मी. एकोणचाळीस वर्सं थांबलीया. दोन मिन्टं तर दोन मिन्टं." आणि ती वाचायचा राहिलेला एक फलक पुरा करायला स्पेनच्या दालनात परत गेली.

ज्ञानदानं मानसिंगांना खुर्ची दिली आणि हळूच विचारलं, "काका, रागावू नका. एक शंका आहे. चारशे कार्यक्रम म्हणता, आणि पडद्यांवर, दांडीवरच्या या आडव्या पट्ट्यांवर, एक ओरखडा नाही. कारखान्यातून आली तशी आहे. आणि इलेक्ट्रिक गिटारला लोखंडी तार लागते. तारांखाली चुंबक असतो. तांब्याला चुंबक..."

"धरत न्हाई," मानसिंग म्हणाले. "मला म्हाईत हाय. मी मोटारी बांदतो."

यापेक्षा वेगळा कबुलीजबाब द्यायची गरज पडली नाही. ज्ञानदानं उसासा टाकला. "मी अहवालात दोन्ही गोष्टी लिहिल्या होत्या. साहेबांनी ओरखड्यांच्या जागी 'विलक्षण हलका हात' केलं, आणि चुंबकाच्या जागी 'संयत नाद'."

"मग आता तुमी सांगा की त्यास्नी."

"माझा करार मार्चपर्यंत आहे, काका."

ज्ञानदानं पेटीच्या काचेवरचा एक ठसा रुमालानं पुसला. मग तिनं विचारलं, "काकूंना ठाऊक आहे?"

मानसिंगांनी स्पेनच्या दालनाकडं पाहिलं.

"चार वाजता तो अॅम्प्लिफायर सांगणारच आहे. त्याच्या आधी तुम्ही सांगितलेलं बरं."

स्पेनच्या दालनात एक बाक होतं. मानसिंग मनुबाईशेजारी बसले आणि त्यांनी सांगितलं. बाळासो, पोस्टर, टेबलाचा पाय, स्पीकरमागचं पोतं, काही गाळलं नाही. सांगताना ते समोरच्या भिंतीवरच्या एका स्पॅनिश सरदाराकडं बघत होते. सरदाराच्या हातातही गिटार होती, आणि त्यालाही ती येत नसावी अशी त्यांना उगाच आशा वाटली.

मनुबाईनं सगळं ऐकून घेतलं.

"पाटनच्या जत्रंत?"

"बिरदेव."

"त्याच सालात मलकापूरला? मी मावशीकडं म्हनून आलेले, तवा?"

"बिरदेव."

"येका तरी गावात, येक तरी सूर तुमचा?"

मानसिंगांनी प्रामाणिकपणे आठवून पाहिलं. "उंब्रजला मान झटकताना हात लागून तार तुटली हुती. त्यो आवाज माझा."

मनुबाई उठली. समोरच्या फलकापाशी जाऊन तिनं तो पुन्हा सबंध वाचला. एवढा वेळ लावला की मानसिंगांना वाटलं, ही आता इथूनच एकटी स्टेशनला जाणार. मग ती परत आली.

"हितं लिवलंय, स्पेनमधी पोरं खिडकीखाली हुबं ऱ्हाऊन गिटार वाजवायची. पोरगी भाळंस्तवर." ती म्हणाली. "सोता वाजवायची, असं दिसतंय."

"मनू..."

"मला बगायला गावला येक, आन् ऐकायला गावला दुसरा. आन् ज्याच्या घरी बारा एकर ऊस हुता, त्यो गेला तिसरीकडंच. आबांनी काय काय इनवलं मला." तिनं पदर खोचला. "तुमी माईकवर जाऊन सांगायचं. समद्यांम्होरं. न्हाईतर मी हुबी ऱ्हाऊन सांगते."

चार वाजताचा कार्यक्रम पावणेपाचला वेळेवर सुरू झाला. सभागृह भरलं होतं, कारण कॉलेजच्या पोरांची हजेरी तिथंच घेतली जाणार होती. पाच वक्त्यांनी गिटारचा इतिहास सांगितला, त्यातल्या तिघांनी स्वतःचा. मग मानसिंगांना शाल, श्रीफळ आणि पुष्पगुच्छ मिळाला आणि माईक समोर आला. पहिल्या रांगेत मनुबाई हाताची घडी घालून बसली होती.

"मी गिटार कवाच वाजवली न्हाई," मानसिंग म्हणाले. "ह्या तारा मोटारीच्या हायत. अठरा गेज. त्यांतनं आवाज येत न्हाई. माझी केबल टेबलाच्या पायाला बांदल्याली असायची. वाजवायचा बिरदेव. त्यो स्पीकरच्या मागं पोत्यावर बसायचा. ही शाल त्याची हाय, माझी न्हाई."

क्षणभर शांतता पसरली. हजेरीवाल्यांपैकी कुणीतरी टाळी वाजवली. मग दुसऱ्यानं. मग सगळं सभागृह उभं राहिलं.

राजवर्धन साहेबांनी माईक हातात घेतला. "आज आपण काय ऐकलं? चारशे मैफिली गाजवलेला कलावंत म्हणतो, मी वाजवलंच नाही. सगळं श्रेय साथीदाराला. पाय किती जमिनीवर असावेत! अशा क्षणानंतर वादन म्हणजे त्या मौनाचा अपमान होईल. आपण वादन रद्द करू या." पुन्हा टाळ्या. मौनावर साहेब आणखी बारा मिनिटं बोलले.

मग फोटो झाले. पेटीतून गिटार काढून मानसिंगांच्या गळ्यात घातली गेली. बोटं नीट ठेवा, असं फोटोवाल्याला सांगावं लागलं नाही. या एका कामात मानसिंगांचा हात कुणी धरू शकला नसता.

बाहेर पडताना ज्ञानदा जिन्यात भेटली. "काका, फलकात एक ओळ वाढवायला सांगितलीय. 'स्वभावाने अत्यंत विनम्र.'"

तीनशे माणसांपुढं खरं सांगितलं, आणि ते खरं मानणाऱ्या बायका दोनच निघाल्या. एकीचा करार मार्चपर्यंत होता. दुसरीच्या कराराला मुदत नव्हती, पण त्यातलं एक मुख्य कलम आजच खोटं ठरलं होतं, आणि ती पुढं काय करणार याचा मानसिंगांना अंदाज येत नव्हता. ती काही बोलत नव्हती. तीन महिने न बोलण्याचा तिला अनुभव होता, हे त्यांना राहून राहून आठवत होतं.

रिक्षात बसल्यावर तिनं शाल आणि नारळ त्यांच्या मांडीवरून उचलून स्वतःच्या मांडीवर घेतला.

"बिरदेव ऱ्हातो कुटं?"

"माधवनगरला."

"तुमाला कसं म्हाईत?"

"त्याच्या पोरीच्या लग्नाची पत्रिका आलती."

"मग आपुन गेलो का न्हाई?" विचारून झाल्यावर तिचं तिलाच कळलं. "व्हय. बरोबर. मी संगं आले असते." मग रिक्षावाल्याला म्हणाली, "माधवनगरला घ्या."

बिरदेव एका गिरणीत पहारेकरी होता, आता घरी असतो. दोन खोल्यांच्या घरापुढं बाजेवर बसून तो पेपर वाचत होता आणि त्याची बायको लीलाबाई उंबऱ्यात मेथी निवडत होती. पटका गेला होता, टोपी आली होती. त्यानं डोळे बारीक करून पाहिलं.

"मान्या? आरं, केस कुटं गेलं रं तुझं?"

"गेलं तिकडंच. बिरदेव, ही मनू. घरची."

"या वैनी, बसा." बिरदेव सरकून बसला. लीलाबाईनं चहा टाकला. मानसिंगांनी शाल, संग्रहालय, भाषण, सगळं सांगितलं. एका दिवसात तिसऱ्यांदा सांगत असल्यामुळं आता त्यांना ते बरं जमायला लागलं होतं. बिरदेव त्यांच्याकडं बघतच नव्हता. तो बायकोकडं बघत होता.

"ऐकलंस?" तो म्हणाला. "मान्या, गड्या, परत येकदा सांग. हिच्या ह्या कानात सांग. त्या कानानं कमी ऐकती ती."

"ऐकलं, ऐकलं." लीलाबाईनं पदरानं हात पुसले आणि मनुबाईला म्हणाली, "आवं ताई, लगीन झाल्यापासनं हे सांगत्यात, ऑर्केस्ट्रात गिटार मीच वाजवायचो. आमच्या म्हायेरच्या भिताडावर ते पोस्टर हुतं. त्यात हे उंच, केसाळ भावजी. ह्यांचा पाय बी न्हवता त्यात. म्या म्हनलं, मानूस थापाड्या हाय. पोरं बी हसायची, गिरनीतली मानसं बी हसायची."

"मग आता?" बिरदेवाची छाती वर आली.

"आता काय? येक खरं निघालं, म्हंजी बाकीचं बी समदं खरं मानाय लागंल. बिबट्या दगडानं पळवल्याला, डाक्टरनं रोज दोन अंडी खायला सांगितल्याली. कुटवर मानायचं मानसानं?"

मनुबाईनं उठून शाल बिरदेवाच्या खांद्यावर घातली आणि नारळ त्याच्या हातात दिला. "भावजी, हे तुमचं हुतं. पत्ता चुकून आमच्याकडं आलं." बिरदेवानं त्या उकाड्यात शाल गळ्यापर्यंत ओढून घेतली. "आता मला ते वाजवून दावा," मनुबाई म्हणाली. "पाटनच्या जत्रंतलं. फुडं बसून."

बिरदेव आत गेला आणि चादरीत बांधलेला बेंजो घेऊन आला. मांडीवर घेतला, बटणांवरची धूळ फुंकली, तारा पिळल्या. शेजारची दोन-चार माणसं येऊन उभी राहिली. त्यानं डोळे मिटले आणि सुरू केलं. हात चालत होता, पण अडत अडत. दोन बटणं खाली गेली की वर येत नव्हती, ती त्याला नखानं उचलावी लागत होती, आणि जलद भाग आला की तो तेवढा तोंडानं म्हणून पुढं जात होता. मनुबाई डोळे मिटून ऐकत होती. मानसिंग तिच्या तोंडाकडं बघत होते. चहा हातात होता, तो प्यायचं त्यांना सुचत नव्हतं. एकोणचाळीस वर्षं ज्याची चोरी केली ते आता मालकाच्या हातात वाजत होतं, आणि निकाल या एका बाईच्या चेहऱ्यावर लागणार होता.

बिरदेव थांबला. मनुबाईनं डोळे उघडले.

"पाटनला हेच वाजिवलं हुतं?"

"हेच, वैनी. सूर न् सूर."

मनुबाईनं आधी बेंजोकडं आणि नंतर मानसिंगांकडं पाहिलं. मग म्हणाली, "एवढ्यासाठनं मी आबांशी तीन म्हैनं बोलले न्हवते?"

लीलाबाई खुदकन हसली. मानसिंगांनाही हसू आलं, पण त्यांनी ते दातांखाली धरून ठेवलं. आपल्याला हसायची परवानगी आहे की नाही, याचा खुलासा अजून व्हायचा होता. बिरदेव मात्र दुखावला. शाल सावरून तो म्हणाला, "वैनी, मधली दोन बटनं आडाकत्यात, म्हनून. ही येळ धरूच नगा. पयल्यापासनं ऐका." आणि त्यानं पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं.

"झालं," लीलाबाई म्हणाली. "आता हे रोज."

रुळांच्या बाजूनं संध्याकाळची गाडी धडधडत गेली. बिरदेवानं तिच्या आवाजावर मात करायला हात जोरात मारला, त्यात तिसरंही बटण अडकलं. "आपलीच गाडी ती," मानसिंग हळूच म्हणाले.

"जाऊ द्या. दुसरी असंल." मनुबाई बाजेवर थोडी सरकली, मानसिंगांना टेकायला जागा झाली. "हे काय लवकर संपत न्हाई. च्या घ्या तुमी, निवतुया."